टोर्फी कधी येणार?

सेलवीकच्या खाडीत जन्माला येऊन ज्याची एकदाही नक्कल झाली नाही असा माणूस शोधायला निघालात, तर एकच सापडला असता. तो म्हणजे टोर्फी. आणि बाकी सगळ्या खाडीच्या नकला करणाराही तोच. न्हावी गावभर दाढ्या करत फिरतो आणि त्याची स्वतःची वाढलेलीच असते, त्यातला हा प्रकार.

खोड लहानपणची. बाप मासेमारीला जाणारा, आई चार शब्दांत दिवस काढणारी, घर खाडीच्या तोंडाशी, ऐन वाऱ्यात. येणारा-जाणारा आधी त्यांच्याकडे कॉफीला टेकायचा. तो उठून गेला की टोर्फी त्याच्याच खुर्चीत बसून, त्याच्याच आवाजात आणखी एक कप मागायचा. आई खरोखर किटली घेऊन वळायची आणि मग तीच किटली त्याच्या डोक्यात घालायला निघायची. पण घालायची नाही, कारण तोपर्यंत ती हसत असायची, आणि ती हसलेली बघायला मिळणं हे त्या घरात सणासारखं होतं.

ॲकॉर्डियन आलं ते एका नॉर्वेच्या खलाशाकडून. दारूच्या तारेत तो ते टोर्फीच्या बापाच्या होडीत विसरला आणि पुन्हा कधी फिरकला नाही. त्यातले दोन सूर मुके होते. टोर्फी ते सूर आले की तोंडाने गायचा. वाजवता वाजवता मध्येच 'आ' करायचा, मध्येच 'ऊ' करायचा आणि गाणं पुढे चालू. नवीन लोकांना वाटायचं, पोराला काही दुखतंय.

त्याचा जिवाभावाचा मित्र एकच, खाडीच्या पार आतल्या टोकाला राहणारा ब्रांदुर. तो मेंढ्यांच्या घरचा. एक बोलून थकत नाही आणि दुसरा बोलायला सुरुवातच करत नाही, अशी ती जोडी होती. ब्रांदुरचा सगळा संसार एका शब्दावर चालायचा: 'यैया'. हा शब्द आमच्याकडे सगळेच म्हणतात, 'बरं' किंवा 'चला' म्हणावं तसा. पण बाकीचे तो आणखी बोलण्याआधी म्हणतात. ब्रांदुर तो बोलण्याऐवजी म्हणायचा. मेंढी व्याली तरी यैया, मेली तरी यैया. ऐकणाऱ्याला कान असले तर दोन्ही वेगळ्या आहेत हे कळायचं. टोर्फीला कान होते.

त्या काळी अख्ख्या खाडीला मिळून टेलिफोनची एकच तार होती. प्रत्येक घराची घंटा निराळी. ब्रांदुरच्या घरची एक लांब, दोन आखूड. पण घंटा कुणाचीही वाजो, सगळ्या घरांतली माणसं हळूच आपापलं यंत्र कानाला लावायची. ऐकण्यात पाप नव्हतं. ऐकलं असं कबूल करण्यात होतं.

एका हिवाळ्यात, खाडीभर लोक कंटाळून गेले असताना, टोर्फीने ब्रांदुरच्या घरची घंटा फिरवली आणि गावप्रमुख ओड्डुरच्या घोगऱ्या आवाजात सांगितलं की आज संध्याकाळी सभागृहात कॉफी, केक आणि नाच आहे. मात्र कुणाला बोलू नकोस, मला गर्दी नको. पलीकडून ब्रांदुर म्हणाला, "यैया." त्याने आवाज ओळखला होता. बाकीच्यांनी नाही ओळखला.

संध्याकाळी सभागृहासमोर घोडे बांधायला जागा उरली नाही. तान्ह्या पोरापासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळी खाडी हजर, आणि एकही माणूस दुसऱ्याला विचारायला तयार नाही की तुला कुणी बोलावलं. बायकांनी शहाणपणा करून केक सोबत आणले होते. सगळ्यात शेवटी खुद्द ओड्डुर आला. त्यानेही यंत्र कानाला लावलं होतं, स्वतःचाच आवाज ऐकला होता, आणि आपण बोलावून विसरलो की काय, या धास्तीने चांगला कोट घालून निघाला होता. त्याने घसा खाकरून सगळ्यांचं स्वागतही केलं. मग नाचाला वाद्य कुठलं, म्हणून टोर्फीचं ॲकॉर्डियन निघालं. त्याच नाचात ब्रांदुरला आउसा भेटली, पलीकडच्या डोंगरातून आलेली, खदाखदा हसणारी मुलगी. तेव्हा त्या टेलिफोनने निदान एक लग्न तरी जुळवलं. ओड्डुर मरेपर्यंत समजत राहिला की ती मेजवानी त्यानेच दिली होती.

अशा पोराला खाडी पुरणार नव्हती. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या बोटीत बसून तो राजधानीत गेला आणि नाटकमंडळीच्या दारात उभा राहिला. परीक्षा घ्यायला तीन गंभीर माणसं बसली होती. टोर्फीने पाठ केलेलं भाषण आयत्या वेळी डोक्यातून पार उडालं. तो गोंधळून नुसता "यैया" म्हणाला, आणि ती नेमकी ब्रांदुरची निघाली. तिघांपैकी एक हसला. मग टोर्फीने दुसरी काढली, पाहुणा उठावा म्हणून यजमान म्हणतो ती. मग धुक्यात हरवलेली मेंढी सापडल्याची. मग मयताच्या घरून निघताना उंबऱ्यात म्हणायची. ही शेवटची ऐकून तिघांपैकी एकाने चष्मा काढून पुसला. नोकरी मिळाली. ब्रांदुरच्या एका शब्दावर त्याचा जन्माचा धंदा उभा राहिला, आणि हे त्याने कधी लपवलं नाही.

नाटकात त्याच्या वाट्याला काय यायचं? तिसरा पाद्री, दुसरा दारुडा, पहिल्या अंकात मरणारा काका. मेल्यावर तोच काका पडद्यामागे जाऊन व्हायोलिन वाजवायचा आणि वादळाची शिट्टीही घालायचा. नायकाची भूमिका त्याला कधी मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर त्याने कधी मागितलीही नाही. नायक एका नाटकात एकच माणूस होतो, मला तेवढ्याने भागत नाही, असं म्हणायचा.

खरं राज्य त्याने केलं ते रेडिओवर. लांब हिवाळ्यात सगळा देश श्रुतिका ऐकत बसायचा आणि निम्म्या श्रुतिकांत निम्मी माणसं टोर्फीच असायची. एकदा हिमवादळामुळे नायिका पोहोचलीच नाही. प्रसंग नवरा-बायकोच्या भांडणाचा. टोर्फी नवरा होताच, तो बायकोही झाला आणि मधूनच भुंकणारा कुत्राही. स्वतःला खूप टाकून बोलला, स्वतःच रडला आणि शेवटी स्वतःची समजूत काढली. दुसऱ्या दिवशी बाजारात बायका म्हणत होत्या की ती नटी कोण, बिचारीच्या आवाजात किती सोसणं होतं. टोर्फी शेजारीच मासे घेत उभा होता. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. खाडीत रेडिओपाशी बसलेल्या आईला तेवढं कळलं होतं. ती म्हणाली, "माणसं कोण होती मला नाही ठाऊक. कुत्रा मात्र आपल्या घरचा होता."

रेडिओवरच्या दिग्दर्शकाने एकदा सहज त्याला विचारलं की बाबा, एवढे आवाज काढतोस, तुझा स्वतःचा कुठला? टोर्फीने लगेच उत्तर दिलं आणि सगळे हसले, कारण ते त्याच दिग्दर्शकाच्या आवाजात होतं. पण घरी जाताना तो प्रश्न त्याच्याबरोबर चालत आला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. टोर्फीला आणखी एक आणता येत नव्हतं: स्वतःचं.

तिथेच त्याने हाल्लाशी लग्न केलं. ती नाटकमंडळीचे कपडे शिवायची आणि तिच्या मापांत सगळ्यांच्या कंबरा आणि सगळ्यांचे अहंकार बसायचे. टोर्फीचं माप तिने कधी लिहून ठेवलं नाही, कारण म्हणे हा राजा झाला की छाती वाढते आणि भिकारी झाला की खांदे उतरतात, कुठलं लिहू? सेलवीकचा पेटीवाला वारला आणि देवळात वाजवायला कुणी उरलं नाही, तेव्हा दोघं खाडीत परत आली. रविवारी देवळातली पायपेटी, आठवडाभर शाळेत पोरांना गाणं, उन्हाळ्यात सिनेमावाले आले तर त्यांच्यात काम. सिनेमात कुणी थंड पाण्यात बुडायचं असलं की टोर्फीला बोलावणं यायचं. त्याच्याइतकं छान कुणी बुडत नाही, अशी त्याची ख्याती झाली होती.

आणि भर हिवाळ्यात थोर्रीची मेजवानी.

थोर्री हा आमचा जुना थंडीचा महिना. त्याची मेजवानी म्हणजे मुरवलेला शार्क, अख्खी भाजलेली मेंढीची डोकी, धुरावलेलं मटण आणि हे सगळं घशाखाली उतरवायला कडक दारू. पण लोक येतात ते जेवायला नव्हे, स्वतःची फजिती बघायला. पाळीपाळीने चार-पाच घरांची समिती बसते आणि वर्षभरात कोण कुठे घसरलं, कुणाची जीप कुठल्या ओढ्यात गेली, कुणी कुणाचा मेंढा आपला समजून कापला, ते सगळं स्टेजवर करून दाखवते. ज्याची नक्कल होते त्याने सगळ्यात मोठ्याने हसायचं. आणि ज्याची होत नाही तो बायकोला विचारतो, यंदा आपण होतो की नव्हतो? आमच्याकडे अपमान नक्कल होण्यात नाही. वगळलं जाण्यात आहे.

समिती कुठलीही असो, शेवटचा तुकडा टोर्फीचा. एकटा उभा राहून तो अख्खी खाडी करायचा: पाद्री, दुकानदारीण, डॉक्टर, आणि सगळ्यात शेवटी ब्रांदुर. ब्रांदुरच्या वेळी तो काही करायचाच नाही. एक हात पट्ट्यात, नजर आभाळाकडे. लोक हसू दाबून वाट बघत. मग "यैया". सभागृह कोसळायचं. दोन्ही हातांनी टेबल बडवत सगळ्यात मोठ्याने हसायची ती आउसा, आणि शेजारी ब्रांदुर मान खाली घालून लाजत, सुखाने लालबुंद.

थोर्री असो की साधा नाच, आउसा नेहमी सगळ्यांत उशिरा यायची. धारा काढून, हात-पाय धुऊन, कपडे बदलून निघायची आणि घर पार आतल्या टोकाला. गाईंना काय थोर्रीचं कौतुक?

मग एका शरद ऋतूत आउसा गेली. काही दिवसांचंच दुखणं. देवळात टोर्फीनेच पायपेटी वाजवली. त्या हिवाळ्यात थोर्रीची तयारी चालली तेव्हा टोर्फीने समितीला सांगितलं की यंदा ब्रांदुरला राहू द्या. माणूस दुःखात आहे, त्याची नक्कल करणं बरं दिसत नाही. सगळ्यांना पटलं. टोर्फीला वाटलं, आपण मित्राचं काम केलं.

ब्रांदुर आला होता. इस्त्रीचा शर्ट घालून, टोकाच्या बाकावर, शेजारची जागा रिकामी ठेवून. पाद्री झाला, दुकानदारीण झाली, डॉक्टर झाला. टोर्फीने वाकून नमस्कार केला आणि टाळ्या पडल्या. ब्रांदुर थोडा वेळ स्टेजकडे बघत राहिला, अजून काही उरलंय का म्हणून. मग त्याने टोपी उचलली आणि निघून गेला.

टोर्फीच्या लक्षातही आलं नाही. घरी हाल्लाने ते त्याच्या लक्षात आणून दिलं.

"बायको गेली तर सगळे त्याला दारातून सांत्वन देऊन पळतायत. एक दिवस त्याला माणसांत बसायचं होतं. तू त्याला जिवंतपणी पुरलंस, टोर्फी."

दुसऱ्याच दिवशी तो बर्फ तुडवत ब्रांदुरकडे गेला. दार उघडलं, कॉफी मिळाली. शत्रू आला तरी कॉफी मिळतेच. टोर्फीने रस्ताभर वाक्यं जुळवली होती. तो बोलायला लागला, की दुःखाच्या प्रसंगी आपण अनवधानाने एखाद्याला एकटं पाडतो, आणि तेव्हाच क्षमेचा मार्ग... बोलता बोलता त्याच्याच कानांना ऐकू आलं. हा आवाज पाद्रीचा होता. नाकातून निघणारा, शेवट लांबवणारा. तो घाबरला आणि सावरायला गेला, तर निघाला तो डॉक्टर.

ब्रांदुरने कप खाली ठेवला. त्या दिवशी तो जेवढं बोलला तेवढं त्याला कुणी एका दमात बोलताना ऐकलं नव्हतं.

"पाद्री येऊन गेलाय. डॉक्टरही येऊन गेलाय. टोर्फी कधी येणार? तो आला की बोलू." मग उठून त्याने पाहुण्याने निघावं अशी यैया म्हटली. ती टोर्फीने राजधानीत हजार वेळा करून दाखवली होती. आता ती ऐकून त्याने टोपी घातली आणि निघाला.

वर्षं गेली. पुढच्या थोर्रीला टोर्फीने ब्रांदुरची नक्कल पुन्हा केली, जीव ओतून केली, पण टोकाच्या बाकावर कोणी नव्हतं. त्याच्यानंतरच्या थोर्रीलाही नव्हतं. दुकानात समोरासमोर आले की ब्रांदुर खिळ्यांच्या डब्यांत डोकं घालायचा. हसवणं चालू होतं, बुडणं चालू होतं, वर्तमानपत्रात एकदा फोटोही छापून आला, आणि त्याखाली नाव दुसऱ्याचं. टोर्फी त्यावरही पोट धरून हसला. जन्मतः आनंदी माणूस, त्याला दुःख फार वेळ धरून ठेवता यायचं नाही. पण रोज सकाळी दाढी करताना तो आरशासमोर ते एक वाक्य म्हणून बघायचा: चुकलो मी, ब्रांदुर. कधी ते दुकानदारिणीचं व्हायचं, कधी मेलेल्या ओड्डुरचं. हाल्ला बाहेरून ओरडायची की आत कितीजण आहेत, त्यांना सांग नाश्ता एकाचाच आहे.

टोर्फी सत्तर वर्षांचा झाला त्या हिवाळ्यात समितीची पाळी आतल्या टोकाच्या घरांवर आली. पाळीला नाही म्हणता येत नाही, म्हणजे ब्रांदुर समितीत. प्रमुख होती स्वाला, गुरांची डॉक्टरीण, टोर्फीचीच जुनी विद्यार्थिनी. ती त्याच्या घरी आली, क्लेइना, म्हणजे तळलेल्या पिळाच्या गोड चकत्या, खाल्ल्या, वर आणखी दोन घेतल्या, आणि दाराशी बूट चढवताना म्हणाली, "यंदा तू आमच्यात बसून बघ हं, टोर्फी. स्टेजवर तुझी गरज नाही."

एवढंच. कारण नाही, समजूत नाही. टोर्फी हसून बरं म्हणाला आणि दार लावून घेतल्यावर तिथेच उभा राहिला. त्याला सगळं लख्ख दिसलं. ब्रांदुर आता फेड करणार. जसं त्याला वगळलं होतं तसंच टोर्फीला वगळणार, सगळ्या खाडीसमोर, इस्त्रीच्या शर्टात बसवून. आणि टोर्फीला त्यात अन्यायही दिसेना.

"मग नको जाऊया," हाल्ला म्हणाली.

"तो आला होता ना," टोर्फी म्हणाला. "मीही जाणार."

सभागृह खच्चून भरलं होतं. महिला मंडळाने लाकडी पराती मांडल्या होत्या, मेंढ्यांची डोकी दात दाखवत ओळीने पडली होती. टोर्फी टोकाच्या बाकावर बसला. जन्मात पहिल्यांदा त्याला स्टेज समोरून दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर फार वाईट दिसत होतं. स्वालाने पाद्री केला. मिशी पहिल्याच वाक्याला समोरच्या परातीत पडली. कुणीतरी दुकानदारीण केली, तिचा आवाज मध्येच डॉक्टरसारखा व्हायचा. लोक मात्र लोळून हसत होते. टोर्फीचे पाय बाकाखाली हलत होते. हाल्लाने एक हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि उठलास तर बघ, असं दाबलं. एकेकाची पाळी होऊन गेली, जीपवाले झाले, मेंढेवाले झाले. टोर्फी मनातल्या मनात कोण उरलं ते बघत होता. फारसं कोणी उरलं नव्हतं.

मग स्टेजवर ब्रांदुर आला.

खाडीतला सगळ्यांत अबोल माणूस. गळ्यात दोरीने अडकवलेलं दुधाच्या बाटल्यांचं खोकं. तो स्टुलावर बसला, खोकं मांडीवर सारखं केलं, दोन्ही बाजूंना बोटं ठेवली. खोकं उघडतंय-मिटतंय असं करत त्याने बोटं फिरवली आणि मध्येच, गंभीर चेहऱ्याने, 'आ' केला. पुढे दोन बोटं फिरवून 'ऊ' केला.

सभागृह फुटलं. पोरं बाकांवर चढली. देवळातली म्हातारी बाई रुमाल तोंडात कोंबून डुलत होती. टोर्फीही हसला, सगळे हसतात म्हणून, आणि हाल्लाच्या कानाशी वाकला.

"छान करतोय. पण कोण आहे हा?"

हाल्लाने वळून त्याच्याकडे पाहिलं. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अरे वेड्या, तू आहेस."

"मी? मी कधी असं तोंड करतो?"

"चांगलं ॲकॉर्डियन घेऊन तीस वर्षं झाली, सगळे सूर वाजतात त्याचे. तू अजून आ करतोस."

टोर्फीने तोंडाला हात लावला, तिथे काय चाललंय ते बघायला म्हणून.

स्टेजवर ब्रांदुर थांबला होता. नाच सुरू करायच्या आधी वाजवणारा थांबतो तसा: खोकं भरून श्वास घेतलेला, बोटं तयार. आणि त्याने वाजवलं नाही. मान वळवून तो सभागृहाच्या दाराकडे बघू लागला. लोक हसले. तो बघतच राहिला. बोटं उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा दाराकडे पाहिलं. हसणं हळूहळू निवत गेलं, कारण जुन्या माणसांना ही मान वळलेली आठवत होती आणि कशासाठी वळायची तेही आठवत होतं. मग ब्रांदुरने कुणीतरी आत आल्यासारखं पाहिलं, पाय आखडून तिला जायला वाट दिली, मान डोलावली आणि टोर्फीच्या आवाजात म्हणाला, "यैया."

टोर्फीने तो आवाज ऐकला. थोडा पातळ, थोडा आनंदी, शेवटी किंचित चढणारा. तो पाद्रीचा नव्हता, डॉक्टरचा नव्हता, कुणाचाच नव्हता. सत्तर वर्षांत त्याने हा कधी ऐकला नव्हता, आणि अख्खी खाडी तो रोज ऐकत आली होती.

"मी थांबायचो?" त्याने हळूच विचारलं.

"आउसा आल्याशिवाय तू एकदा तरी वाजवलंस?" हाल्ला म्हणाली. "अजूनही बघतोस दाराकडे."

टाळ्या चालू असतानाच टोर्फी उठला आणि बाकांमधून वाट काढत स्टेजपाशी गेला. ब्रांदुर गळ्यातली दोरी सोडत होता. त्या वेळी रस्ताभर जुळवलेलं एकही वाक्य आता टोर्फीपाशी नव्हतं.

"चुकलो मी, ब्रांदुर," तो म्हणाला. "तुला वगळायला नको होतं. मला वाटलं, तुला त्रास होईल."

"झाला ना," ब्रांदुर म्हणाला.

मग थोडा वेळ दोरीची गाठ सोडवत राहिला. ती सुटत नव्हती, म्हणून टोर्फीने पुढे होऊन सोडवली.

"तिच्या मयताच्या दिवशीपण," ब्रांदुर खोक्याकडे बघत म्हणाला, "ती पुढ्यात शवपेटीत होती. आणि वाजवायच्या आधी तू देवळाच्या दाराकडे बघितलंस."

टोर्फीला हे ठाऊक नव्हतं. ब्रांदुरने श्वास आत ओढत, आमची जुनी माणसं ओढतात तशी, एक बारीकशी यैया म्हटली. टोर्फीने ब्रांदुरच्या सगळ्या यैया गोळा केल्या होत्या, पण ही त्याच्या संग्रहात नव्हती. ही करून दाखवायची नाही, हे त्याला तिथल्या तिथे कळलं.

मग बाक भिंतीला लागले. पराती उचलल्या. स्वालाने टोर्फीचं ॲकॉर्डियन कुठूनतरी आणून त्याच्या गळ्यात घातलं. ते हाल्लानेच दुपारी गुपचूप जीपमध्ये टाकलं होतं, म्हणजे तिला सगळं आधीपासून माहीत होतं आणि तरी तिने त्याला दिवसभर कण्हू दिलं होतं. जोड्या उभ्या राहिल्या. टोर्फी स्टुलावर बसला, पट्टे सारखे केले, भाता भरून घेतला, बोटं ठेवली, आणि मान आपोआप दाराकडे वळली.

त्याला एकदम कळलं आपण काय करतोय ते, आणि तो मध्येच अडकला. सभागृहात खसखस पिकली. पण कुणी त्याची थट्टा पुढे नेली नाही. एकेक करत सगळ्यांनीच माना वळवल्या: पाद्रीने, दुकानदारिणीने, खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्यांनी आणि आतल्या टोकाच्यांनी. अख्खं सेलवीक दाराकडे बघत उभं राहिलं. बाहेर बर्फ पडत होता.

ब्रांदुर टोकाच्या बाकावर बसला होता, शेजारची जागा ठेवून.

"आली ती," तो म्हणाला. "वाजव आता."

आणि टोर्फीने वाजवलं.